दाढेतली चांदी काढावी का? नाशिकहून आलेल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी ४२ वर्षांची, इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. कॉलेजात असताना चार दाढांमध्ये चांदी भरली होती, ती अजून आहे. गेलं वर्षभर थकवा, केस गळणं, विसरायला होणं, हातापायांना मुंग्या असं चाललंय. एका शिबिरात लघवी तपासून सांगितलं, की दाढेतला पारा अंगात झिरपतोय. चारही दाढा उकरून घ्या, मग पारा बाहेर काढणारी सलाइन लावून घ्या, फ्लोराइडची पेस्ट सोडा, ॲलोपॅथीच्या गोळ्या सोडा. आमच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर 'काही होत नाही, कुठेतरी काहीतरी वाचून येता' म्हणाले. ॲलोपॅथीवाल्यांचा आता रागच येतो. त्यातच वहिनीला पाचवा महिना लागलाय, तिची दाढ ठणकते, आणि तिला दवाखान्यात न्यायचीच आता भीती वाटते. खरं काय ते सांगा, आणि घरात रोज वापरतो त्या गोष्टींत आणखी कुठली विषं असतात तेही सांगा."

ताई, आधी निर्णय सांगते, कारणं मागाहून. तुमच्या दाढांमधली चांदी शाबूत असेल तर ती काढू नका. सलाइन तर मुळीच लावून घेऊ नका. वहिनींच्या दाढेत मात्र नवी चांदी भरून घेऊ नका, आणि त्यांना दवाखान्यात नेणं लांबवूही नका. जुनी राहू द्या आणि नवी नको, ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतील. तशी ती नाहीत, आणि हे पटवण्यासाठीच एवढं लांबलचक लिहिते आहे.

तुमच्या डॉक्टरांनी प्रश्न झटकून टाकला हे मला आवडलं नाही. तुम्ही विचारलंत ते अगदी रास्त आहे. आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेली पूड चांदी, कथील आणि तांबं यांची, कधी थोडं जस्तही. पारा आणि पूड एकत्र घोटली की लोण्यासारखा लगदा होतो, तो दाढेत ठासून भरायचा, काही मिनिटांत तो धरतो आणि एका दिवसात चावण्याइतका कडक होतो. याला आम्ही दंतवैद्य अमाल्गम म्हणतो. मी शिकत होते त्या काळात हे सगळं हाताने चालायचं. काचेच्या खलात पारा आणि पूड घोटायची, कपड्यात धरून जास्तीचा पारा पिळून काढायचा, आणि तो पारा बाटलीत जमा करायचा. त्या खोलीत सर्वात जास्त पारा श्वासातून घेणारे आम्ही होतो, डॉक्टर आणि मदतनीस, खुर्चीत बसलेला रुग्ण नव्हे. पुढे मोजून भरलेल्या बंद कॅप्सूल आल्या, यंत्रात घुसळायच्या, आणि तो प्रकार बराचसा थांबला.

आता मूळ मुद्दा. पारा विषारी आहे यात शंका नाही, पण तो कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने अंगात शिरतो यावर सगळं ठरतं. थर्मामीटर फुटून एखाद्या लहान मुलाने चकचकीत गोळी गिळली तर आई घाबरीघुबरी होते. पण धातुरूपातला पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, तो शौचावाटे निघून जातो. तोच पारा जमिनीवर सांडून बंद खोलीत वाफ होत राहिला तर मात्र काळजी करायची, कारण श्वासात गेलेल्या वाफेतला साधारण ८० टक्के पारा रक्तात उतरतो. तिसरं रूप माशांतलं, मिथिल पारा. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा माशांत साठला, ते मासे खाऊन माणसं लुळी झाली, आईच्या पोटातली बाळं मेंदूला इजा घेऊन जन्मली. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. शिबिरांत दाखवतात ते भयानक फोटो बहुतेक तिथले असतात. फोटो खरे आहेत, पण तो पारा दाढेतला नाही.

दाढेतल्या चांदीतून वाफ निघते का? निघते. चावताना, ब्रश करताना, गरम चहा पिताना, रात्री दात खाणाऱ्यांमध्ये अधिक. हे नाकारणारा दंतवैद्य तुम्हाला पूर्ण खरं सांगत नाही. किती निघते? तोंडात सात ते दहा भरणं असलेल्या माणसाच्या अंगात दिवसाला साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम पारा जातो, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धरलेला अंदाज आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तुमची भरणं चारच. अंगात गेलेला पारा कायमचा साठून राहतो हेही खरं नाही. मूत्रपिंडातून तो हळूहळू बाहेर पडतो, आणि साधारण दोन महिन्यांत त्यातला निम्मा गेलेला असतो.

एवढ्याशा पाऱ्याने काही होतं का, हे पाहायला मोठे अभ्यास झाले. २००६ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, एक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला ५३४ मुलांवरचा, दुसरा पोर्तुगालमधल्या लिस्बनचा ५०७ मुलांवरचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं अर्ध्या मुलांना चांदी, अर्ध्यांना दाताच्या रंगाचं भरण असं वाटून दिलं आणि अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला. बुद्धी, स्मरणशक्ती, मज्जासंस्था आणि मूत्रपिंडाचं काम यांत मात्र लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसणारा तिसरा अभ्यास म्युनिकचा, २००८ चा. त्यातल्या ९० जणांना तुमच्यासारखंच वाटत होतं, की आपला त्रास दाढेतल्या चांदीमुळे आहे. त्यांचे तीन गट केले. एकाची चांदी काढली. दुसऱ्याची काढून वर शरीरशुद्धीचे उपचार दिले. तिसऱ्याची चांदी तशीच ठेवून आहार, व्यायाम, विश्रांती यांचं मार्गदर्शन केलं. तिन्ही गटांना बरं वाटलं, आणि सुधारणा जवळपास सारखीच होती. चांदी काढलेल्यांच्या अंगातला पारा घटला, हेही त्या अभ्यासात नोंदलेलं आहे. पण त्रास कमी होणं त्या घटीवर अवलंबून नव्हतं.

मग युरोपने बंदी का आणली, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये अमाल्गम जवळजवळ थांबवलं. युरोपीय संघाने १ जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी ते बंद केलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून एखादी खास वैद्यकीय गरज सोडली तर सगळ्यांसाठीच. शिबिरात हे सांगतात, पण कारण सांगत नाहीत. मुख्य कारण पर्यावरणाचं आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून, कचऱ्यातून, दहनातून पारा पाण्यात आणि हवेत जातो, तिथे जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो माशांतून पुन्हा माणसात येतो. यासाठी २०१३ मध्ये मिनामाताचंच नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ मध्ये तो लागू झाला, २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. आता २०३४ पर्यंत दातांत अमाल्गम भरणं जगभर थांबवायचं ठरलं आहे. मी याच्या पूर्ण बाजूने आहे. आपल्या गोदावरीत कोणत्याही दवाखान्याचा पारा जाऊ नये.

दुसरं कारण सावधगिरीचं. २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने सांगितलं, की गरोदर किंवा गरोदरपणाचा विचार करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं आणि त्यातही ६ वर्षांखालची, मूत्रपिंड कमजोर असलेले, पार्किन्सन किंवा अल्झायमरसारखा मज्जासंस्थेचा आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांना शक्यतो नवं अमाल्गम भरू नये. त्याच निवेदनात पुढे हेही आहे, की चांगल्या अवस्थेतलं जुनं भरण वैद्यकीय गरज नसताना काढू नये. कारण सोपं आहे. शाबूत चांदी वाफ अगदी हळूहळू सोडते, पण ती काढताना ड्रिलच्या उष्णतेने आणि घर्षणाने थोड्या मिनिटांत बरीच वाफ एकदम बाहेर पडते. शिवाय प्रत्येक वेळी उकरताना चांगल्या दाताचाही थर जातो. अशी विनाकारण उकरलेली दाढ नंतर रूट कॅनॉलपर्यंत गेलेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे.

काही दाढांमधली चांदी मात्र काढावीच लागते. भरणाची कड तुटली असेल, खाली पुन्हा कीड शिरली असेल, दाढेला तडा गेला असेल, किंवा भरणाला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरट जाळीदार चट्टा आला असेल, तो झोंबत असेल, तर ते भरण काढणं योग्य. हा चट्टा म्हणजे अमाल्गमला आलेली स्थानिक प्रतिक्रिया, आणि भरण बदलल्यावर तो बहुतेक वेळा ओसरतो. एका दाढेत चांदी आणि समोरच्या दाढेवर सोन्याची कॅप असेल तर चावताना विजेसारखी चमक येते, तिथेही बदलायचा विचार करता येतो. हिरडीवरचा निळसर डाग मात्र घाबरण्यासारखा नसतो. भरताना एखादा कण हिरडीत रुतलेला असतो तो. काढायची वेळ आलीच तर डॉक्टरांना विचारा: दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावणार का, जोराचं सक्शन आहे का, भरपूर पाणी मारत मोठे तुकडे करून काढणार का, आणि निघालेले तुकडे कुठे टाकणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "बेसिनमध्ये" असं आलं तर दुसरा दवाखाना शोधा. ते तुकडे झाकणबंद बरणीत साठवून धोकादायक कचरा म्हणून द्यायचे असतात.

बदली भरण म्हणून लावतात ते दाताच्या रंगाचं कंपोझिटही निर्दोष नाही, हे सांगणं माझं काम आहे. ते रेझिन असतं, त्यातून बिस्फेनॉल ए सारख्या रसायनांचे अत्यल्प अंश सुरुवातीला सुटतात, आणि मागच्या दाढांमध्ये ते अमाल्गमपेक्षा लवकर निकामी होतं. पुन्हा कीड लागण्याचं प्रमाणही त्यात जास्त. तरी नव्या भरणासाठी आज मी कंपोझिट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंटच वापरते, कारण चांगला पर्याय हाताशी असताना पारा आणायची गरज उरलेली नाही.

आता त्या तपासणीबद्दल. शिबिरात तुम्हाला आधी एक औषध देऊन मग लघवीचा नमुना घेतला असणार, आणि अहवालात लाल रंगात "पारा अति" असं आलं असणार. ते औषध शरीरात बांधलेले धातू ओढून लघवीत आणतं. ते घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढतो, तुमच्या, माझ्या, दाढेत चांदी नसलेल्याच्याही. आणि मग त्या आकड्याची तुलना औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्याशी करतात. अमेरिकेतल्या विषवैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत निरर्थक ठरवली आहे. तुम्हाला मनाच्या समाधानासाठी तपासायचंच असेल तर कोणतंही औषध न घेता साधी लघवीची पारा तपासणी, क्रिएटिनिनसह, चांगल्या प्रयोगशाळेतून करून घ्या. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असतं. पाऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांचे हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडका आणि बुजरा होतो, ती पातळी याच्या कितीतरी पट वर असते.

सलाइनला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणते? त्या सलाइनमधून देतात त्या, धातू ओढून लघवीत आणणाऱ्या उपचाराला किलेशन म्हणतात. किलेशन हे खरं औषध आहे, शिसे किंवा पाऱ्याची सिद्ध झालेली विषबाधा असेल तर जीव वाचवतं. पण ते पाऱ्याबरोबर जस्त, तांबं अशी गरजेची खनिजंही ओढून नेऊ शकतं, आणि ईडीटीए या किलेशनच्या औषधाचा सोडियमवाला प्रकार रक्तातलं कॅल्शियम इतकं झपाट्याने उतरवतो की हृदय थांबू शकतं. २००५ मध्ये अमेरिकेत एका लहान मुलाचा असा मृत्यू झाला आहे. निरोगी माणसाला हे पॅकेज विकणं मला अक्षम्य वाटतं.

तुमचा त्रास खरा आहे, आणि त्यावर अजून कुणी नीट हात ठेवलेला दिसत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. थकवा, केस गळणं, विसर पडणं, मुंग्या, वय ४२. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, बी १२, ड जीवनसत्त्व आणि साखर या तपासण्या करा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. मुंग्या आणि विसराळूपणा यांना शाकाहारी घरात बी १२ ची कमतरता फार वेळा कारण असते, आणि वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळाल्या तर बरंच भरून येतं. उशीर झाला तर नसांची इजा राहून जाते. पाऱ्याच्या मागे लागून हे सहा महिने गेले तर तो खरा तोटा. पाळी अनियमित झाली असेल, झोप मोडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत हा सगळा प्रकार होतो, आणि आपल्याकडे बायका तो मुकाट्याने अंगावर काढतात.

रोजच्या विषांबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे मला मोकळेपणाने बोलायचंय. कारण घरात जे खरोखर धोकादायक असतं ते बहुतेकांच्या यादीतच नसतं.

पाऱ्याचंच घ्या. गोरेपणाच्या स्वस्त, लेबल नसलेल्या क्रीममध्ये पारा घालतात, कारण तो त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया थांबवतो. तो त्वचेतून आत शिरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे रुग्ण सापडले, आपल्या अकोल्यातूनही तशीच बातमी आली होती. तुमच्या वर्गातल्या मुली असली क्रीम वापरतात का, हे तुम्ही शिक्षिका म्हणून विचारू शकता. दाढेतल्या चांदीपेक्षा ही डबी मला कितीतरी जास्त भीतीदायक वाटते.

पारा आणि इतर धातू-खनिजांपासून बनवलेल्या रसौषधींचंही तसंच. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, आणि त्याच्या ग्रंथांनीच पाऱ्याच्या शोधनाचे कडक नियम घातले आहेत. आपल्या औषध कायद्याच्या 'ई एक' अनुसूचीत पारद, हिंगूळ, रसकर्पूर ही पाऱ्याची आणि हरताळ, मनःशिला ही आर्सेनिकची द्रव्यं विषारी धरली आहेत, आणि त्यांच्या औषधांवर वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा लागतो. असं असताना नाव नसलेल्या पुड्या "शरीरशुद्धी" म्हणून विकल्या जातात. अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. शिबिरात तुम्हाला चूर्ण दिलं असेल तर त्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि घटक आहेत का ते पाहा. नसतील तर घेऊ नका.

एक गोष्ट संकोचत सांगते, कारण ती श्रद्धेशी जोडलेली आहे. त्र्यंबकेश्वर जवळ असल्याने आपल्याकडे देवघरात शिवलिंग असणारी घरं खूप, आणि काहींकडे पारद शिवलिंग असतं. पारा एरवी पातळ, तो घट्ट होतो म्हणजे त्यात चांदी, कथील किंवा कधी शिसं मिसळलेलं असतं, म्हणजे अमाल्गमच. पूजा जरूर करा. पण त्याच्यावरून ओघळलेलं पंचामृत किंवा पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका, आंबट दह्याने तर धातू अधिकच सुटतो. निरंजन, समई त्याच्यापासून लांब ठेवा.

शिशाचं म्हणाल तर हळकुंडं घेऊन स्वतःसमोर दळून आणलेली हळद घ्या. सुटी हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ होते. बाळाच्या डोळ्यात बाजारी सुरमा घालू नका. वर्तमानपत्रात बांधलेला गरम वडा टाळा, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच त्याबद्दल बजावलं आहे.

निफाड, दिंडोरीकडून माझ्याकडे येणाऱ्या बायकांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून द्राक्षाच्या काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, आणि ती लावायला बायका असतात, पुष्कळदा फाटक्या हातमोज्यांनी किंवा उघड्या हातांनी. कातडी भाजते, मळमळ होते, आणि त्या दिवसात कुणी दारू प्यायलं तर रक्तदाब कोसळण्याइतकी प्रतिक्रिया येऊ शकते. हे रसायन युरोपने मागेच नामंजूर केलं आहे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले जातात, त्या हातांनी भाकरी थापली जाते. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे अडकली तेव्हा जिल्हाभर खळबळ झाली, आणि मग निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. लावणाऱ्या हातांची तपासणी कुणीच करत नाही.

आणि तोंडातलं सगळ्यात मोठं विष तर मशेरी, तंबाखू आणि सुपारी. दातांसाठी म्हणून भाजलेला तंबाखू हिरडीवर घासणारी आजी, सून, कधी गरोदर सुद्धा, दिवसाला तीन तीन वेळा. मशेरी घेणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. नुसती सुपारी, तंबाखूशिवाय, हीसुद्धा कर्करोग करणारी आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात टाकलं. तुमच्या घरात कुणी सुपारी खात असेल तर त्यांना उभी तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील, तिखट लागल्यावर तोंड झोंबत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. मी आयुष्यात तोंडाचे जेवढे कर्करोग पाहिले त्यांच्या मागे बहुतेक वेळा तंबाखू किंवा सुपारी होती. दाढेतली चांदी एकाही वेळी नव्हती.

फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड दात आणि हाडं बिघडवतं हे खरं, पण ते रोज लिटरनं प्यायलेलं पाणी. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकणं वेगळं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. पेस्ट सोडली की कीड वाढेल, आणि मग भरणाचा प्रश्न पुन्हा उभा राहील.

ॲलोपॅथीवरचा तुमचा राग मला समजतो, आणि तो निराधारही नाही. दात येणाऱ्या बाळांना देण्याच्या पावडरीत एके काळी कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असायचा. त्या बाळांचे हातपाय गुलाबी व्हायचे, ती सतत रडायची, काही दगावायची. त्यामागे पारा आहे हे १९४८ च्या सुमारास कुठे लक्षात आलं, आणि पावडरी मागे घेतल्यावर तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. १९२६ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्वतःला प्रयोगशाळेत झालेल्या विषबाधेवरून अमाल्गमबद्दल इशारा दिला, तेव्हा अनेक दंतवैद्यांनी कानाडोळा केला. पण कॅलोमेलचा दोष शोधला तो त्याच शास्त्राच्या डॉक्टरांनी, मोजून, नोंदून, तुलना करून. हीच कसोटी आमच्यावरही लावा आणि शिबिरवाल्यांवरही लावा. "तुम्ही हे औषध न दिलेल्या लोकांशी तुलना केली आहे का?" एवढं एकच विचारा, आणि उत्तरात प्रशस्तिपत्रं दाखवली तर उठून या. बीपी, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. जो डॉक्टर प्रश्न विचारल्यावर चिडतो, तो बदलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

राहिल्या वहिनी. पाचवा महिना हा दातांच्या उपचारासाठी सगळ्यात सोयीचा काळ आहे. ठणकणारी दाढ तशीच ठेवली तर पू होईल, सूज येईल, ताप येईल, आणि तो त्रास बाळाला भरणाच्या उपचारापेक्षा कितीतरी जास्त. भूल देण्याचं नेहमीचं इंजेक्शन या महिन्यात चालतं. दाताचा एक छोटा एक्स-रे गरज असेल तर शिशाचा ॲप्रन घालून काढता येतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून. आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगा: "पाचवा महिना आहे, चांदी नको, ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिट भरा." रूट कॅनॉल लागलं तर ते आत्ताच सुरू करता येतं, कॅप बाळंतपणानंतर बसवली तरी चालते. खुर्चीत पूर्ण आडवं न करता डाव्या कुशीकडे थोडं कललेलं बसवायला सांगा, नाहीतर पोटाच्या भाराने त्यांना चक्कर येईल. मासे खात असतील तर मुशी आणि मोठी सुरमई या महिन्यांत बंद ठेवा, बांगडा, तारली, बोंबील, कोळंबी चालतील. आणि त्यांच्या जुन्या दाढांमध्ये आधीची चांदी असेल तर बाळंतपण होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत तिला हात लावू देऊ नका. या आठवड्यातलीच वेळ घ्या.